हजेऱ्यांच्या मांडवात विलायती बँड

आमच्या घरात कुणी कशावर ठेका धरायचा नाही, असा नियम होता. ताटाच्या काठावर बोटं वाजवायची नाहीत, पिठाच्या डब्यावर नाहीत, दप्तराच्या पत्र्याच्या पेटीवर तर नाहीतच. कुणाचा हात चुकून वाजलाच तर दादा, म्हणजे माझे वडील, मान वर न करता म्हणायचे, "हात ठेव." एवढंच. ते ओरडत नसत, मारत तर कधीच नसत. पण त्यांनी "हात ठेव" म्हटलं की हात आपोआप मांडीवर जायचा. इतरांच्या घरी तिन्हीसांजेला नखं कापायची नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, असले नियम असतात. तसाच आमचा हा, असं मी धरून चालले होते. कॉलेजात गेल्यावर एका मैत्रिणीच्या घरी तिचे भाऊ ताटं बडवताना आणि तिचे वडील शांतपणे जेवताना पाहिले, तेव्हा मला कसंसंच झालं. मी तिच्या भावांना "हात ठेव" म्हणणार होते, पण पाहुणी होते म्हणून गप्प बसले.

नियमाचं कारण आमच्या माठाखाली होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माठ कलंडू नये म्हणून त्याच्या बुडाशी एक लोखंडी कडं ठेवलेलं असायचं. ते माझ्या आजोबांच्या हलगीचं कडं. जत्रेत देवाच्या काठीपुढे हलगी वाजवायचं काम गावानं आमच्या घरावर घातलेलं होतं. काठीपुढे वाजवायचं, पण काठीला शिवायचं नाही. हात सुजेपर्यंत वाजवायचं आणि मग पाटलांच्या पडवीबाहेर उभं राहून जी शिळी भाकरी मिळेल ती घ्यायची. गाव याला 'मान' म्हणायचं. धम्मदीक्षा घेऊन परत आल्यावर आजोबांनी हलगीचं कातडं सुरीनं फाडलं, काड्या चुलीत घातल्या, आणि कडं जळत नाही म्हणून परसात फेकून दिलं. त्या साली काठी हलगीशिवाय निघाली आणि गावानं आम्हाला दुकान आणि गिरणी दोन्ही बंद केली. दादा तेव्हा आठनऊ वर्षांचे असतील. पुढे आई लग्न होऊन आली. ती व्यवहारी बाई. तिला परसात एक चांगलं कडं गंजत पडलेलं दिसलं, तिनं ते घासून माठाखाली घातलं. दादा या सगळ्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मला कळलं ते आईकडून, भाकऱ्या थापताना, तुकड्यातुकड्यानं.

आमचं गाव खोडदच्या शिवेला लागून. माझ्या लहानपणी तिथं नुसता माळ होता, मग हळूहळू त्यावर रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या थाळ्या उभ्या राहिल्या. प्रोजेक्टची माणसं गावात येऊन सांगून गेली की ठिणग्या उडवणारी यंत्रं जपून वापरा, त्याचा दुर्बिणीला त्रास होतो. गावानं त्यातून एवढंच घेतलं की दुर्बिणीला ऐकू येतं. मग पुढचे कित्येक महिने पाणवठ्यावरच्या बाया सासूबद्दल बोलायचं झालं तर थाळीकडे पाठ करून बोलायच्या. बबनअण्णा म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, आणि गावात जिथं जिथं एक मोठी खुर्ची असेल तिथले मानकरी. त्यांनी तर निवडणुकीची गुप्त बैठक गोठ्यात म्हशींच्या आडोशाला घेतली. दादा प्रोजेक्टवर फिटर होते. थाळ्यांच्या तारेच्या जाळ्या बांधायच्या, बोल्ट आवळायचे, गंज बघायचा, हे त्यांचं काम. शेवटी त्यांनीच अण्णांना सांगितलं, "तिला ताऱ्यांचं ऐकू येतं, तुमचं न्हाई." अण्णांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते जरा हिरमुसले.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा प्रोजेक्टवर एक इंग्रज शास्त्रज्ञ काही महिन्यांसाठी आला, आणि त्याला भेटायला त्याची थोरली बहीण आली. ब्रेंडा. वय पन्नाशीच्या पुढे, केस पुरुषासारखे कापलेले, निम्मे पांढरे आणि निम्मे हिरवे. ती इंग्लंडातल्या एका जुन्या बँडची गाणारी. सोबत अख्खा बँड आणला होता, तिला धरून पाच माणसं. मुंबईला कुठंसं वाजवून झालं होतं आणि परतीच्या विमानाला आठवडा होता. पाचांत चार गोरे आणि एक घानाचा ढोलवाला, क्वामे. गावानं ब्रेंडाबाईला पाहून लगेच निदान केलं की बाई मोठ्या आजारातून उठलेली दिसते, औषधानं केस हिरवे झाले असतील. त्या आठवड्यात तिला चार घरांतून काढा आला. तिनं सगळे प्यायले. गावात इंग्रजी बोलू शकणारी माणसं दोनच होती. एक हायस्कूलचे सर, जे इंग्रजी मराठीतून शिकवायचे, आणि दुसरी मी. माझं इंग्रजी चुकलं तर ते ओळखणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मी ते भरधाव बोलायचे. म्हणून दुभाषी मी झाले.

तिच्या भावाची दादांशी कामावर ओळख होती, तेव्हा सगळ्यांना आमच्याकडे एकदा जेवायला बोलावलं. दादांची दुपारची पाळी होती, ते नव्हते. आईनं मासवड्या केल्या होत्या. ब्रेंडाबाई मांसाहार करत नसत, आणि मासवडीत मासा नसतो हे त्यांना पटवण्यात माझं निम्मं इंग्रजी खर्ची पडलं. बेसन, तीळ, खोबरं, लसूण असं मी एकेक दाखवत होते आणि त्या वडीच्या आकाराकडे संशयानं बघत होत्या. क्वामेनं तोवर तीन भाकऱ्या संपवून रस्सा ओरपायला घेतला होता. आईनं त्याला मनोमन दत्तक घेतलं. जेवणं झाल्यावर ब्रेंडाबाईंनी एक कॅसेट काढली आणि आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. त्या टेपवर तोवर फक्त भीमगीतं आणि माझ्या मामाच्या लग्नाचं रेकॉर्डिंग वाजलेलं. आता त्यातून एक बाई मोठमोठ्यानं भांडायला लागली. सूर नावाची गोष्ट तिला माहीत नव्हती किंवा मान्य नव्हती. पण तिच्या मागं गिटारी बारीक, गोड, खळखळत चालल्या होत्या, आणि त्यांच्या खाली ढोल असा चालला होता की तो थांबेल असं कुठंही वाटत नव्हतं. आईनं थोडं ऐकून मला विचारलं, "ही भांडतीय कुणाशी?"

"त्यांच्या राणीशी," मी विचारून सांगितलं.

"आन् मागं हे नाचत्यात कोण?"

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा ब्रेंडाबाई मांडीवर थाप मारून हसल्या. म्हणाल्या, तुझ्या आईनं आमचा वीस वर्षांचा इतिहास दोन प्रश्नांत सांगितला. तरुणपणी आम्हाला फक्त राग होता. वाजवता येत नव्हतं, आणि येत नाही याचाही अभिमान होता. याला पंक म्हणायचे. मग क्वामे भेटला. त्यानं आम्हाला आधी त्याच्या गावच्या मयतीला नेलं आणि मग बारशाला, आणि दोन्हीकडचे ढोल ऐकवले. तेव्हा कळलं की राग तसाच ठेवून नाचताही येतं. मला ते वाक्य फार आवडलं. माझ्या घरात रागाचा साठा होता, पण तो माठाखाली दाबून ठेवायची पद्धत होती. आता मी स्वतः ब्रेंडाबाईंच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, तीस वर्षं शाळेत मुलांना गप्प बसवून झालं आहे, आणि अजूनही मला ते वाक्य तसंच आवडतं.

चूक घडली ती त्यानंतर. क्वामे पाणी घ्यायला स्वतःच उठला. आईच्या राज्यात पुरुष पाण्याला उठत नसत, म्हणून ती गडबडीनं मागं धावली, पण तोवर तो माठापुढे उकिडवा बसला होता. त्यानं कड्यावर नखानं टिचकी मारली. टण् असा बारीक आवाज झाला. तो वळून म्हणाला, हे तर वाद्य आहे. इतक्या वर्षांत आमच्या घरी आलेल्या एकाही माणसानं ते ओळखलं नव्हतं. माझी छाती अशी फुगली की मला थांबता आलं नाही. मी म्हणाले, हो, माझ्या आजोबांचं. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत त्यांच्यासारखा वाजवणारा नव्हता. इथवर निदान खरं असण्याची शक्यता होती. पुढे मी म्हणाले, आणि माझे वडीलही तसेच वाजवतात. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे मला अडवायला कुणी नव्हतं. खोटं बोलायला परकी भाषा फार सोयीची पडते. क्वामेनं माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाला, मला त्यांच्याबरोबर वाजवायचं आहे. मी म्हणाले, वाजवतील की.

तीन दिवसांवर जत्रा होती. रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या मांडवात तमाशाच्या हजेऱ्या, म्हणजे कलावंतांनी देवापुढं गाऊन-वाजवून लावायची हजेरी, आणि दुपारी कुस्त्या, असा ठरलेला क्रम. अण्णांच्या डोक्यात आलं की हजेऱ्या आणि कुस्त्या यांच्या मधल्या वेळात इंग्लंडचा बँड बसवला तर पंचक्रोशीत नाव होईल. शेजारच्या गावानं त्या वर्षी पुण्याचा आर्केस्ट्रा आणला होता, ती जखम ताजी होती. ब्रेंडाबाई आनंदानं तयार झाल्या. बोलता बोलता त्या आपल्या भावाला म्हणाल्या की इथला एक मोठा ढोलवादकही आमच्याबरोबर वाजवणार आहे. भाऊ ते अण्णांना बोलला, आणि रात्री दादांची पाळी सुटल्यावर अण्णा आमच्या दारात उभे राहिले. चपला काढून ते आत आले. खुर्चीवर बसले. आईनं केलेला चहा बशीत ओतून प्यायले. ही तिन्ही कामं त्यांनी आमच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा केली. त्यासाठी इंग्लंडहून बँड यावा लागला.

"किसनराव," अण्णा म्हणाले. दादांचं नाव किसन. गावात त्यांना किसन्या म्हणायची रीत होती, 'राव' त्या दिवशी लागलं. "किसनराव, परवा तुमी हलगी वाजवायची. पावण्यांची लई इच्छा हाय. आन् खरं म्हंजी तो तुमचाच मान हाय."

दादांनी कामावरून येऊन नुकतेच हातपाय धुतले होते. ते टॉवेलनं एकेक बोट पुसत राहिले. "मान व्हता तर इतकी वर्सं दुसऱ्या कुणी का नाय घेतला?"

"आता जुनं कशाला उकरता राव. ते दिवस गेले."

"गेले ना? मंग ऱ्हाऊ द्या."

अण्णांनी चहा संपवला आणि जाताना दारातून म्हणाले, "बॅनरवर नाव टाकलंय तुमचं. बघा बुवा. गावाच्या अब्रूचा प्रश्न हाय." आमच्या गावात कुणालाही काही करायला लावायचं झालं की तो गावाच्या अब्रूचा प्रश्न व्हायचा. आमच्या घराला अब्रू आहे हे मात्र त्यांनी आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

अण्णा गेल्यावर दादांनी मला विचारलं, "पावण्यांला कुणी सांगितलं?" मी सांगितलं की मी. मला वाटलं आता तरी ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी तिकडं येणार न्हाई. तू सांगितलं ना? मंग आता तूच निस्तर." आणि जेवायला बसले. दादांना ज्या गोष्टीपासून त्यांच्या बापानं सोडवलं होतं, तिच्यात मी त्यांना मोठेपणासाठी परत ढकललं होतं, आणि तेही परक्यांपुढं. आईनं दुसऱ्या दिवशी उपाय काढला. "ताप आलाय म्हणून सांग. ताप कुणाला दिसतोय?" मला ते पटलं. ताप हा शब्द मला इंग्रजीत येत होता आणि तो मराठीत सांगायची गरज पडणार नव्हती, असा माझा हिशेब.

हजेऱ्यांच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तमाशाच्या मांडवाकडे फिरकायचं नाही अशा घरच्या बाया त्या दिवशी हिरव्या केसांच्या बाईचं निमित्त करून आल्या होत्या. बॅनरवर बँडचं नाव नव्हतं. नाव इंग्रजीत असं होतं की मला ते मराठीत पेंटरला सांगणं शक्य नव्हतं, म्हणून 'इंग्लंड येथील सुप्रसिद्ध कलावंत' असं लिहून घेतलं होतं, आणि खाली, 'सोबत गावचे हलगीसम्राट' म्हणून दादांचं नाव. बँडनं दहाला सुरू करायचं होतं. एक वाजता लाईट जाते हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणजे तीन तास हातात होते. त्यातले सव्वादोन तास सत्काराला गेले. आधी मांडव देणाऱ्याचा सत्कार झाला, मग माईक देणाऱ्याचा. लाईट जाऊ नये म्हणून वायरमनचा सत्कार झाला आणि तो नारळ घेऊन घरी गेला. मागच्या वर्षीच्या कमिटीचा या वर्षीच्या कमिटीनं सत्कार केला, आणि या वर्षीच्या कमिटीचा, म्हणजे अण्णांचा, अण्णांच्या मेव्हण्यानं. मग पाहुण्यांची पाळी आली. वीस वर्षं ज्यांनी राणीला, पंतप्रधानाला, पोलिसांना आणि पाद्र्यांना जुमानलं नाही, ती माणसं डोक्याला फेटा, अंगावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन एका रांगेत मुकाट बसली आणि अण्णांचं भाषण ऐकत राहिली. ब्रेंडाबाईंनी मला हळूच विचारलं की हे कधी संपतं. मी म्हणाले, हे संपत नाही, मधूनमधून थांबतं.

एकदाचं भाषण संपलं आणि मान्यवर मंडळी अण्णांच्या घरी मटणाला निघून गेली. ज्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या त्यांना बँड ऐकायचाच नव्हता. खुर्च्यांच्या पाठींवर 'मान्यवर' अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, त्या वाऱ्यावर फडफडत राहिल्या. मग बँडनं सुरुवात केली. मी त्यांची कॅसेट त्या तीन दिवसांत इतक्यांदा ऐकली होती की मला वाटलं सगळं पाठ आहे. पण कॅसेटमध्ये ढोल कानाला लागतो, इथं तो बरगड्यांना लागला. फेटा घातलेली ती बाई माईक दोन्ही हातांनी धरून राणीशी भांडत होती आणि तिचे पाय मात्र क्वामेच्या हाताखाली होते. गिटारवाला, एक टक्कल पडलेला मास्तरासारखा माणूस, डोळे मिटून त्या बारीक गोड ओळी परत परत वाजवत होता. मांडवातली पोरं आधी हसली, मग हसायची थांबली, मग नाचायला लागली. बाया पदर तोंडाशी धरून मान हलवत होत्या. माझ्या शेजारी उभा असलेला तमाशातला ढोलकीवाला म्हणाला, "ह्यो काळा गडी ठेका मागं ठेवतो बगा. लई अवघड काम हाय." मला इतका आनंद होत होता की मी ताप विसरून गेले.

दुसरं गाणं संपलं आणि अण्णा माईकवर आले. "आता आपल्या गावचे हलगीसम्राट किसनराव स्टेजवर येतील आन् पावण्यांना आपल्या मातीचा हिसका दाखवतील. किसनराव." टाळ्या पडल्या. कमिटीच्या एकानं कुठूनशी आणलेली कोरी हलगी उंच धरून दाखवली. क्वामे उठून उभा राहिला आणि हसून इकडंतिकडं बघू लागला. मी माईककडे निघाले. इंग्रजीतलं तापाचं वाक्य तयार होतं. तेवढ्यात मांडवातल्या सगळ्या माना मागं वळल्या, म्हणून मीही बघितलं. मांडवाच्या तोंडाशी दादा उभे होते. निळा गणवेश, हातात सायकल, हँडलला डबा. येणार नाही म्हणाले होते आणि दोनच्या पाळीला जाता जाता आले होते. इतका ठणठणीत माणूस मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "त्याला बोलीव. न्हाईतर पावण्यांला सांग हात दुखतोय, काहीबी सांग." ब्रेंडाबाई दुसऱ्या बाजूनं विचारत होत्या, ते तुझे वडील ना? मी दादांकडे बघितलं. ते मला काही खुणावत नव्हते. त्यांनी मला निस्तर म्हणून सांगितलं होतं आणि कसं निस्तरते ते बघायला ते आले होते, असं मला तेव्हा वाटलं. मी माईकवर आधी इंग्रजीत सांगितलं. मग मला वाटलं, हे फक्त पाचच माणसांना का कळावं. म्हणून मराठीतही सांगितलं. ते मला आजही शब्द न् शब्द आठवतं, कारण फार नव्हतंच. "दादा वाजवत न्हाईत. आजा वाजवायचा, त्याला वाजवायला लावायचे म्हणून. काठीला शिवू द्यायचे न्हाईत. मंग त्यानं सोडलं. मी पावण्यांना खोटं सांगितलं, दादा वाजवतात म्हणून." मांडवात कुणाला यातलं काही नवीन नव्हतं. पण ते माईकवरून आलेलं कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि आमच्याकडे माईकवरून आलेलं तेवढंच खरं मानतात.

मग सगळे एकदम बोलायला लागले. ब्रेंडाबाईंनी फेटा काढला, मूठ वर केली आणि मला म्हणाल्या, त्यांना वर बोलाव, हा माणूस आमच्यापेक्षा मोठा बंडखोर आहे, लोकांना त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू दे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिकडून अण्णाही सावरले. जत्रा कमिटी चालवणारा माणूस असा तसा नसतो. ते माईकवर म्हणाले, "किसनरावांच्या वडलांनी जो धाडसी निर्णय घेतला त्याबद्दल कमिटीच्या वतीनं किसनरावांचा शाल, नारळ देऊन सत्कार करण्यात येत आहे. किसनरावांनी स्टेजवर यावं." एक शाल उरलेली होतीच, अण्णांच्या कार्यक्रमात शाल कधी कमी पडायची नाही. अशा रीतीनं इंग्लंडचं बंड आणि आमची कमिटी यांचं त्या दिवशी एका मुद्द्यावर एकमत झालं, की दादांनी स्टेजवर आलं पाहिजे. फक्त क्वामे त्यात नव्हता. त्यानं काड्या मांडीवर ठेवल्या आणि वाट बघत बसला.

दादांनी सायकल स्टँडला लावली. कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग ते मांडवाच्या मधल्या वाटेनं पुढं आले, घाई न करता. स्टेजच्या पायरीशी थांबले आणि पायरी न चढता वळले. पुढच्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी हातानं झटकली, 'मान्यवर' लिहिलेली चिठ्ठी सोडवून शेजारच्या खुर्चीवर ठेवली, आणि बसले. आमच्या घरचं माणूस त्या देवळापुढं उभं राहून वाजवायला गेलं होतं, झाडायला गेलं होतं, मांडव बांधायला गेलं होतं. बसायला कधी गेलं नव्हतं. दादांनी पायावर पाय टाकला आणि मला म्हणाले, "वाजवा म्हणावं त्यांला. मी ऐकाया आलोय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात सोपं भाषांतर. ब्रेंडाबाईंची वर गेलेली मूठ हळूहळू खाली आली आणि तिचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तिच्यात माईक धरला. क्वामेनं दादांकडे बघून एकदा मान लववली आणि ढोल सुरू केला. शाल घेऊन उभे राहिलेले अण्णा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग खाली आले. इतर खुर्च्या मोकळ्या होत्या, पण चिठ्ठी काढलेल्या त्या एका खुर्चीच्या, म्हणजे दादांच्या, शेजारी बसायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना. ते खांबाला टेकून उभे राहिले. एक वाजता ठरल्याप्रमाणे लाईट गेली. गिटारी बंद पडल्या, माईक बंद पडला, पण ढोलाला लाईट लागत नव्हती आणि ब्रेंडाबाईंना माईकची गरज कधीच नव्हती. दादा शेवटपर्यंत दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसले. बोटसुद्धा हललं नाही. मग घड्याळ बघून उठले आणि सायकलला टांग मारून पाळीला गेले.

त्या दिवसाचा एक फोटो अण्णांच्या बैठकीत पुढे कैक वर्षं लटकत होता, फेटेवाले पाच पाहुणे आणि मधोमध अण्णा. अलीकडे जत्रेची जी पुस्तिका निघते तिच्यात गावच्या हलगीच्या थोर परंपरेवर एक परिच्छेद असतो. तो वाचून माझा अजूनही जळफळाट होतो आणि मी दरवर्षी तो वाचते. मांडवातल्या त्या प्रकाराबद्दल दादांनी मला काही विचारलं नाही, की मी काही बोलले नाही. हजेऱ्यांच्या दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईनं बोंबलाची चटणी केली होती आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. मी कुठल्या तंद्रीत होते कोण जाणे, माझा डावा हात ताटाच्या काठावर गेला आणि बोटं क्वामेचा तो ठेका धरायला लागली. आईनं तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली. मग माझ्याही लक्षात आलं. मी हात तिथंच धरून "हात ठेव" येण्याची वाट बघत राहिले.

दादांनी मान वर केली नाही. घास चावून संपवला.

"चुकतंय तुझं," ते म्हणाले. "दुसरा ठोका उशिरा येतो."